आधी सुधारणा, मग ताबा

एखादं राज्य गिळायचं असेल तर आधी ते सुधारायला घ्यावं, ही रीत एकोणिसाव्या शतकात साम्राज्यांच्या चांगलीच अंगवळणी पडली होती. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरकर भोसल्यांची फौज हरली. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना गादीवरून काढलं गेलं आणि जेमतेम दहा वर्षांच्या मुलाला तिसरे रघुजी म्हणून तिथे बसवण्यात आलं. राजा अज्ञान, म्हणून कारभार पाहायला इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. त्यांनी महसुलाची घडी बसवली, न्यायनिवाड्याचे नियम घालून दिले, मुलखात इंग्रज अधिकारी नेमले आणि १८२७ मध्ये या सगळ्या मुलखाचा एक जाडजूड अहवाल छापून घेतला. सगळं राजाच्या नावाने. १८३० पर्यंत कारभार राजाला परत मिळाला खरा; पण १८५३ च्या डिसेंबरात रघुजी निपुत्रिक वारले आणि काही महिन्यांतच डलहौसीने राज्य खालसा केलं. सुधारलेलं राज्य ताब्यात घ्यायला सोपं जातं. दप्तर तयार असतं.

हेच नाटक जवळजवळ नव्वद वर्षांनी सोलमध्ये झालं. १९०५ च्या नोव्हेंबरात जपानने कोरियाच्या दरबाराला संरक्षणाचा तह करायला भाग पाडलं. पुढच्या वर्षी इतो हिरोबुमी तिथे रेसिडेंट जनरल होऊन आले. हुद्दादेखील ओळखीचाच. न्यायालयं, पोलीस, नाणं, कर, सगळ्याची फेररचना सुरू झाली आणि तीही सम्राटाच्याच नावाने. १९०७ मध्ये सम्राट कोजोंग यांना पायउतार व्हायला लावलं, उरलंसुरलं सैन्य मोडीत काढलं आणि १९१० च्या ऑगस्टमध्ये देशच जपानात विलीन करून टाकला.

हे पुस्तक कोरियावर नाही. ते वैनगंगेच्या पूर्वेच्या मुलखावर आहे, ज्याला आज आपण गोंदिया जिल्हा म्हणतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. या मुलखात १८१८ पासून सुधारणा म्हणून जे जे आलं ते कुणी आणलं, कुणावर लादलं आणि कुणी स्वतःहून उचललं, हा पुस्तकाचा विषय आहे. तरीही पानोपानी कोरिया डोकावतो, आणि त्याचं कारण मला इथेच सांगितलं पाहिजे.

महाराष्ट्रातल्या सुधारणेचा इतिहास आपण पुण्या-मुंबईहून लिहितो. लोकहितवादींची शतपत्रं, फुल्यांचा सत्यशोधक समाज, रानडे, आगरकर आणि टिळक. वऱ्हाडापर्यंत येता येता त्या इतिहासाची शाई पुसट होते आणि वैनगंगा ओलांडताना तर संपतेच. भंडारा-गोंदिया त्यात आला तर तळटीप म्हणून. शिवाय हा मुलूख १८६१ पासून मध्य प्रांतात. इथला शेतकरी मालगुजारीतला, बोली झाडीची, पवारी, गोंडी आणि छत्तीसगढी, बाजाराची भाषा हिंदी. पुण्याच्या मोजपट्टीने मोजलं तर इथे काही घडलंच नाही असं वाटतं. एखाद्या सभेचा वृत्तांत नाही, एखाद्या वर्तमानपत्राचा अग्रलेख नाही. मला दुसरी मोजपट्टी हवी होती. कोरिया हा भाताचा, डोंगराचा, जातीसारख्याच जन्मजात दर्जांनी बांधलेला देश. चीन, जपान आणि रशिया यांच्या कात्रीत सापडून त्याने तीसेक वर्षांत सुधारणेचे सगळे प्रकार करून पाहिले: दरबारातून, बंडातून, परक्यांच्या हुकमातून, वर्तमानपत्रातून आणि नव्या धर्मातूनही. आपल्याकडे जे शंभर वर्षांत विखरून घडलं ते तिथे एका पिढीत दाटीवाटीने घडलं. त्यामुळे कोणता धागा कुठे जातो हे तिथे लवकर दिसतं.

आधी सामाजिक की आधी राजकीय, हा मराठी माणसाचा आवडता वाद. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि सुधारक एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा टिळकांचा एक मुद्दा असा होता की समाजाच्या चालीरीतींत परक्या सरकारने हात घालू नये. मुद्दा पोकळ नव्हता. पण तोवर ज्या मुली आईपण सोसू न शकण्याच्या वयात सासरी गेल्या त्यांनी कुणाच्या राज्याची वाट पाहायची, हेही तितकंच खरं. कोरियात हाच पेच चार वर्षांनी आला तो हजामतीच्या रूपाने. १८९४ च्या जुलैत जपानी सैन्याने राजवाडा वेढलेला असताना सोलमध्ये सुधारकांचं सरकार बसलं. त्याने एकामागून एक फर्मानं काढली: जन्मजात दर्जे रद्द, गुलामी रद्द, बालविवाहाला बंदी, विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक, जुनी अधिकारी-परीक्षा बंद. कागदावर पाहिलं तर रानडे आणि फुले यांच्या मागण्यांची एकत्र यादी वाटावी. मग १८९५ च्या अखेरीस हुकूम निघाला की पुरुषांनी डोक्यावरचा केसांचा बुचडा कापावा. त्याच्या तीनच महिने आधी जपान्यांनी राणीला तिच्या महालात ठार मारलेलं होतं. लोकांनी बुचडा आणि राणी यांचा हिशेब एकत्र मांडला आणि डोंगराडोंगरांतून हत्यारं निघाली. १८९६ च्या फेब्रुवारीत राजा रशियाच्या वकिलातीत आश्रयाला पळाला, पंतप्रधान किम होंग-जिप यांना जमावाने रस्त्यावर मारलं आणि ते सरकार संपलं. गुलामीबंदीचं फर्मान काढणाराही तोच होता आणि बुचडा कापायला लावणाराही तोच. लोकांना त्याची एकच ओळख पटली: जपान्यांचा माणूस.

हुकूम कितीही चांगला असला तरी तो कुणाच्या संगिनीच्या टोकावरून आला हे लोक विसरत नाहीत. हा या पुस्तकाचा एक अर्धा. दुसरा अर्धा असा, की ज्यांच्या पाठीवर गावाचंच ओझं होतं त्यांना संगीन कुणाची याची चौकशी करत बसायला सवड नव्हती. या दोन अर्ध्यांची भांडणं मिटवण्याच्या फंदात मी पडलेलो नाही.

पहिलं प्रकरण कामठ्याचं. गोंदियाजवळचं हे गाव आज कुणी मुद्दाम पाहायला जात नाही, पण रेल्वे येण्याआधी या भागातलं मोठं नाव गोंदिया नव्हतं, कामठा होतं. १८१८ मध्ये इथले जमीनदार चिमणा पाटील अप्पासाहेबांच्या बाजूने उठले. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा लढून घेतलं आणि जमीनदारी त्या घराण्याकडून काढून लोधी घराण्याला दिली गेली. स्थानिक अभिमानाने चिमणा पाटलांना स्वातंत्र्यसैनिक केलं आहे. मला त्यात गैर वाटत नाही, पण पुरेसंही वाटत नाही. ते आपल्या धन्यासाठी आणि आपल्या जमीनदारीसाठी लढले. त्यांच्या विजयाने कामठ्याच्या महाराचा किंवा ढिवराचा दिवस काही वेगळा उगवला नसता. कोरियात १८९६ च्या उठावात यू इन-सॉक नावाच्या विद्वान उमरावाच्या सेनेत किम बेक-सॉन हा सामान्य घरातला लढवय्या होता. ऐन लढाईत कुमक पाठवली नाही म्हणून तो एका उमरावावर भडकला. सेनापतीने त्याला दर्जाचा अवमान केल्याबद्दल मृत्युदंड दिला. परक्यांशी लढणाऱ्या सेनेने आपला सर्वात कामाचा माणूस जुनी उतरंड टिकवण्यासाठी मारला. प्रतिकार आणि सुधारणा एकाच पाटावर बसतातच असं नाही.

दुसरं प्रकरण पाण्याचं. त्यावर मी सर्वाधिक पानं खर्च केली आहेत आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा तलावांचा मुलूख. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधील त्याला जमीन दिली आणि कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उतार वाचत पाळी घातल्या, अशी इथली परंपरा सांगते. नवेगावबांधचा विशाल जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितला जातो. मोठ्या तलावांच्या खाली लहान बोड्या, बोडीखाली बांध्या, आणि वरचं पाणी खाली सोडण्याचा क्रम गावाने ठरवलेला. आषाढात रोवणी लांबली तर कोणाच्या बांधीत आधी पाणी जाईल यावरून भांडणं होत, पण भांडण मिटवायला बसणारी माणसं त्याच पाळीवर उभी असत. पाळ फुटली तर अख्खं गाव टोपल्या घेऊन निघे.

१८६० च्या दशकात इंग्रजांनी बंदोबस्त केला तेव्हा गावाचा सारा गोळा करणारा पाटील मालगुजार झाला, म्हणजे गावाचा मालक. तलाव त्याच्या नावे लागले. रयतेचा पाण्यावरचा, सरपणावरचा, चराईवरचा हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात उतरवला गेला. ही सुधारणा होती का? महसुलाच्या दृष्टीने होतीच. मालकी स्पष्ट झाली, जमीन गहाण टाकता येऊ लागली, वसुली सुरळीत झाली. चांगल्या मालगुजाराने नवे तलावही बांधले. पण जे आजवर गावाच्या वहिवाटीत होतं ते आता एका माणसाच्या मालकीत आणि इतरांच्या सवलतीत विभागलं गेलं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव पडलं. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. सरकारने पाणीपट्टी लावली, शेतकऱ्यांनी वाजिब-उल-अर्जचा हवाला देऊन ती नाकारली आणि या ओढाताणीत गाळ कुणी काढायचा हे ठरलंच नाही.

आता गोबूची हकिगत ऐका. कोरियाच्या नैऋत्येला चॉल्ला प्रांतात भातशेतीचं मोठं सपाट मैदान आहे. तिथल्या गोबू परगण्यावर १८९२ मध्ये जो ब्योंग-गाप नावाचा अंमलदार आला. नदीवर जुना बंधारा धड असताना त्याने शेतकऱ्यांना वेठीला धरून त्याच्याखाली नवा बांधायला लावला. मान्सॉकबो त्याचं नाव. आरंभी पट्टी घेणार नाही असं सांगितलं आणि पीक येताच प्रत्येक शेतावर पाण्याचा कर बसवला. जॉन बोंग-जुन हे त्या भागातले शाळामास्तर. ठेंगणे, आणि त्या उंचीवरून पडलेलं 'हिरवा मूग' हे त्यांचं टोपणनाव देशभर झालं. त्यांच्या वडिलांनी अंमलदाराविरुद्ध तक्रार केली तर फटके मारून त्यांचा जीव घेतला गेला होता. १८९३ च्या हिवाळ्यात उठावाचं पत्रक फिरलं. त्यावर वीस जणांची नावं होती, पण एकाखाली एक नव्हती. कागदावर एक वाडगा पालथा ठेवून त्याच्या कडेने गोल ओढावा तशी ती वर्तुळात लिहिलेली होती. कागद सापडला तरी पहिलं नाव कुणाचं, म्हणजे म्होरक्या कोण, हे कळू नये. पुढच्या वर्षी आरंभीच हजारेक शेतकरी कचेरीवर चालून गेले. त्यांनी धान्याचं कोठार उघडलं आणि तो बंधारा फोडला.

या शेतकऱ्यांना जोडणारा धागा होता दोंगहाक पंथ. १८६० मध्ये चोए जे-उ यांनी तो स्थापला. प्रत्येक माणसाच्या ठायी स्वर्गातला देव वसतो, असं त्यांचं सांगणं. चार वर्षांत दरबाराने त्यांचं शिर उतरवलं. छत्तीसगढच्या गुरू घासीदासांची आठवण इथे होतेच. डोंगरगडच्या पलीकडे, नागपूरच्याच राज्यात, १८२० च्या दशकात चामार शेतकऱ्यांना त्यांनी सतनामाचा पंथ दिला. दोन्हीकडे जुनं राज्य डगमगत होतं, नवं दारात आलेलं होतं आणि तळच्या माणसाने कोणत्याच दरबाराकडे न पाहता स्वतःचा देव स्वतः ठरवला. फरक एवढाच की दोंगहाकवाल्यांनी पुढे हत्यार उचललं. १८९४ च्या मे अखेरीस त्यांनी प्रांताची राजधानी जॉन्जू घेतली, दरबाराने घाबरून चीनची मदत मागितली, चीन आला म्हणून जपानही आला, आणि दोघांचं युद्ध कोरियाच्या अंगणात पेटलं. शेतकऱ्यांनी तेव्हा तह करून गावोगाव आपली कारभारी मंडळं बसवली होती. शरद सरता सरता उगुमचीच्या खिंडीत जपानी बंदुकांसमोर ते हजारोंनी पडले. जॉन बोंग-जुन पकडले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना फाशी झाली. ज्या सरकारने गुलामी रद्द केली त्याच सरकारने गुलामी रद्द करा म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचा नेता फासावर चढवला. सरकारी सुधारणा आणि लोकांची सुधारणा यांत अंतर किती असतं हे मला यापेक्षा कमी शब्दांत सांगता येत नाही.

आपल्याकडे बंधारा फोडणारं बंड झालं नाही. इथला संघर्ष कागदांचा, अर्जांचा, कज्ज्यांचा राहिला, कारण इथे हक्काचा कागद होता आणि न्यायालय होतं. इंग्रजी राज्याचं हे देणं नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण कागदाने गावाला वकिलाच्या पायरीवर बसायची सवय लावली आणि पाळीवरची सवय सुटत गेली, हेही मी त्याच प्रकरणात लिहिलं आहे. कोरियातल्या त्याच भातमैदानात १९२० नंतर जपानी सरकारने पाटबंधारे संघ काढले. धरणं खरोखर झाली, तांदूळ वाढला, आणि वाढलेला तांदूळ कुन्सानच्या बंदरातून जहाजं भरभरून जपानला गेला. पाण्याच्या पट्टीखाली लहान शेतकरी जमीन विकून मोकळे झाले. कुन्सान हे शहर त्या तांदळाने वाढवलं, तसं गोंदिया रेल्वेने आणि तांदळाने.

रेल्वेचं प्रकरण आखूड ठेवलं आहे; त्यावर आधीच बरंच लिहिलं गेलं आहे. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी इथून गेली, बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंद केली, १९०५ पर्यंत जबलपूरकडे आणि १९०८ मध्ये नागभीडकडे छोट्या गाड्यांचे फाटे फुटले. एक लहानसं गाव जंक्शन झालं. तांदूळ, लाख, लाकूड बाहेर गेलं. गिरणीचं कापड आत आलं. गावठी जाडंभरडं कापड विणणाऱ्या महार विणकराचा माग बंद पडला. त्यातले कितीतरी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेले, जी १८७७ मध्ये सुरू झालेली होती. मागे राहिले त्यांच्यातले पुष्कळ विडीकडे वळले. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं आणि हजाराच्या हिशेबाने द्यायचं. देताना ठेकेदाराचा माणूस मूठभर विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत आणि त्या विड्या परतही मिळत नसत.

याच माणसांतून या मुलखातली खरी सुधारणा उभी राहिली, असं माझं मत आहे, आणि चौथं प्रकरण त्यावर आहे. पुण्याचे सुधारक वाचून सुधारक झाले. इथले गाव सोडून झाले. नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी मुलींसाठी शाळा काढली, छापखाना घातला, पत्रं चालवली. विठोबा रावजी मून पांडे, अमरावतीकडचे गणेश आकाजी गवई आणि आपल्या गोंदियाचे कालीचरण नंदागवळी, हे सगळे थोड्याफार फरकाने एकाच पिढीतले. नंदागवळी मध्य प्रांताच्या विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद झाले. गोंदियाच्या एका महार पुढाऱ्याने गव्हर्नरच्या सभागृहात खुर्ची घेणं हे त्या काळच्या कामठा-तिरोड्याच्या गावकीला केवढं विचित्र वाटलं असेल! नियुक्त सभासद म्हणजे इंग्रजांचा माणूस, असा शिक्का त्या पिढीतल्या सगळ्यांवर मारला गेला आणि आजही अधूनमधून मारला जातो.

शिक्का मारणाऱ्यांसाठी पुन्हा कोरिया. तिथे बेकजॉंग नावाचा समाज होता. गुरं कापणं, कातडी कमावणं, टोपल्या विणणं ही त्यांची कामं. वस्ती गावाबाहेर. सामान्य माणूस घालतो ती घोड्याच्या केसांची काळी टोपी त्यांना मना होती. बांबूची टोपी डोक्यावर घालून फिरायचं, म्हणजे लांबूनच ओळख पटावी. पेशवाईतल्या मडक्याची आणि झाडूची मी मराठी वाचकाला आठवण करून द्यायला नको. १८९४ च्या त्या जपानी संगिनींच्या सरकारने त्यांचा दर्जा कागदोपत्री रद्द केला. त्यांनी काय करावं? हुकूम परक्यांच्या छायेतला आहे म्हणून काळी टोपी घालू नये? त्यांनी ती घातली. १८९८ च्या ऑक्टोबरात सोलमध्ये स्वातंत्र्य मंडळाने अधिकारी आणि जनतेची मोठी सभा भरवली तेव्हा भाषणाला उभा राहिला पार्क सॉंग-चुन, एक खाटीक. देश वाचवायला वरचे आणि खालचे एक झाले पाहिजेत, असं तो बोलला. हे तेच मंडळ ज्याचे संस्थापक सॉ जे-पिल यांनी दोन वर्षांपूर्वी सामान्यांच्या लिपीत पहिलं खाजगी वर्तमानपत्र काढलं होतं. बंड फसून अकरा वर्षं परागंदा झालेला माणूस परत येतो आणि तलवारीऐवजी छापखाना घेतो, हा प्रवासही लक्षात ठेवण्याजोगा.

जपानी राज्यात कागदावरची समानता कागदावरच राहिली. बेकजॉंगांच्या मुलांना शाळेत इतर पालक बसू देईनात. शेवटी १९२३ च्या एप्रिलमध्ये जिंजू शहरात त्यांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना स्थापली. पुढाकार घेणाऱ्यांत एक पैसेवाला बेकजॉंग होता, ज्याच्या मुलाला शाळेत जागा मिळत नव्हती, आणि त्याच्यासोबत एक उमरावाच्या घरचा माणूसही. महाडचं पाणी चार वर्षांनी पेटायचं होतं. नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची परिषद मात्र १९२० च्या मे अखेरीस होऊन गेली होती. तिथे तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडण्याची कल्पना उडवून लावली. विदर्भातले पुढारी त्यानंतर एका बाजूला राहिले नाहीत. १९३२ मध्ये गवई संयुक्त मतदारसंघ मान्य करणाऱ्या राजा-मुंजे कराराच्या बाजूने गेले. आंबेडकरांनी १९३० च्या ऑगस्टमध्ये नागपुरातच दलितांच्या परिषदेत सांगितलं की इंग्रज सरकारने अस्पृश्यता हटवायला काही केलेलं नाही, आणि सत्ता आपल्या हातात आल्याशिवाय ते होणारही नाही. ज्यांना ते इंग्रजांचे हस्तक वाटतात त्यांनी ते भाषण वाचावं.

खरे हस्तकही होते, हे मी लपवत नाही. कोरियात दोंगहाकमधूनच फुटलेल्या लोकांनी इल्जिन्ह्वे नावाची संस्था काढली, जपानी सैन्याच्या रेल्वेसाठी मजूर दिले आणि १९०९ मध्ये विलीनीकरणाची मागणी केली. त्यांचेही भाऊबंद उगुमचीला पडले होते. एकाच घरातून दोन्ही निघतात. कुणाला कुठे ठेवायचं हे मी त्या त्या माणसाच्या कामावरून ठरवलं आहे, घोषणेवरून नाही, आणि कुठे कुठे वाचक माझ्याशी भांडेल याची मला कल्पना आहे.

गोंडांवरचं प्रकरण पुस्तकात सर्वात लहान आहे. १८७८ च्या वनकायद्याने जंगलं राखीव झाली; देवरी-सालेकसाकडच्या माणसाला आपल्याच रानातली काडी चोरीची झाली. कोरियात १९०८ च्या वनकायद्याने तीन वर्षांत नोंद न केलेला डोंगर सरकारचा ठरवला. गावाच्या मालकीचे डोंगर असे रातोरात नाहीसे झाले. इथे १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला लोकनायक अणे यांनी गवत कापलं आणि शेजारच्या शिवनी जिल्ह्यात तुरियाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोळीबार झाला, ज्यात मरणाऱ्यांत गोंड स्त्रिया होत्या. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला आज हजारो गोंड जमतात. त्या यात्रेचं आजचं मोठं रूप गेल्या चाळीसेक वर्षांतलं. तिचा विचार मात्र या पुस्तकाच्या काळात रुजला. त्यावर लिहिण्याचा हक्क गोंडीत विचार करणाऱ्याचा अधिक आहे, म्हणून मी तिथे हात आखडता घेतला.

शेवटी काळाच्या मर्यादेबद्दल. अशी पुस्तकं १९४७ वर थांबतात. मी १९५४ पर्यंत आलो, कारण इथल्या गावात १९४७ ने फार काही हललं नाही. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. मग १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात, ज्यात तेव्हा गोंदिया होतं, पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. मालगुजार, कोहळी, पवार, लोधी, ढिवर, गोंड, महार, सगळ्यांची मतं त्या पेट्यांत होती आणि परकं सरकार कुठेही नव्हतं. त्या निकालाचं विश्लेषण शेवटच्या प्रकरणात आहे. गावनिहाय आकडे परिशिष्टात दिले आहेत.